फूटभर अंजनी

अंजनीचं बी झाडावरून पडल्यापासून चार-पाच दिवसांत मरतं. ज्वारीचं बी कणगीत पुढच्या हंगामापर्यंत टिकतं, भोपळ्याचं बी चुलीवर टांगलेल्या फडक्यात त्याहूनही जास्त. अंजनीला हा नियम लागू नाही. वाळलं की संपलं. हे आम्हाला कळायला एक पूर्ण हंगाम गेला.

ज्यांनी अंजनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगितलं पाहिजे. राधानगरीच्या पश्चिमेला डोंगर चढून गेलं की माथ्यावर सपाट कातळ लागतो. त्याला सडा म्हणतात. वर जांभ्याचं काळं, खडबडीत कवच आणि त्याच्या भेगांत मूठ-दोन मूठ माती, एवढंच. पावसाळ्यात चार महिने पाणी वाहत असतं, उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही. अशा जागी जी झुडपं तग धरतात त्यांत अंजनी पहिली. वाऱ्याने छाटल्यासारखी कमरेएवढी राहते. पान जाड, गडद हिरवं आणि चकचकीत. लाकूड इतकं कठीण की कोयता परत येतो. वर्षातून एकदा, चैत्राच्या आगेमागे, तिच्या काटक्यांना लगडून जांभळी-निळी फुलं येतात. फांदीच्या टोकाला नव्हे, थेट सालीवर. मृगाच्या सुमाराला काळी फळं पिकतात. गुराखी खातात, पाखरं खातात.

हे झुडूप कोणी लावत नाही. कोणी मागतही नाही. आमच्या रोपवाटिकेत तीसेक वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने अंजनी मागितल्याचं आठवत नाही. मागितली ती एका खाण कंपनीने.

कोल्हापूर-कागल रस्त्यालगतची ही रोपवाटिका सासऱ्यांची. त्याआधी अकरा वर्षं मी शाहूपुरीतल्या एका सायंदैनिकात उपसंपादक होतो. बातमी कापायची, मथळा द्यायचा, दुपारी दोनच्या आत पान सोडायचं. सासरे गेल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी सोडून इकडे आलो. येताना कचेरीतून एकच वस्तू आणली, कॉलमची लांबी मोजायची पोलादी पट्टी. रोपवाटिकेबरोबर बसगोंडा आला. तो सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. कागलच्या पुढचा, सीमेवरचा. घरात कन्नड, बाहेर मराठी. कलम बांधण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता आणि हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा.

या धंद्याचं एक सूत्र त्याने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. "मालक, गिऱ्हाईक झाड घेत न्हाय. उंची घेतंय."

हे अक्षरशः खरं आहे. दोन रोपं शेजारी ठेवा. एक वीतभर, दणकट, मूळ पिशवीत नीट बसलेलं. दुसरं दोन फूट, काडीसारखं. दहातले नऊ जण दुसरं उचलतात. म्हणून रोपवाटिकावाले उंची तयार करतात. त्याची कृती सोपी आहे. पिशव्या एकमेकींना खेटून ठेवायच्या, वर हिरवी जाळी टाकायची, आठवड्याला शेणकाल्यात थोडा युरिया घालून द्यायचा. रोप उजेडासाठी शेजाऱ्याशी स्पर्धा करतं आणि वर जातं. मूळ मात्र तेवढंच राहतं. पाहणाऱ्याला पान दिसतं, मूळ दिसत नाही.

पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं उद्घाटन होतं. मालकांनी फोनवर सांगितलं, "अशोकाची साठ झाडं पाहिजेत. पाहुण्यांच्या गाडीपेक्षा उंच. कुठली गाडी येणार ते उद्या कळवतो." झाडं दिली. उद्घाटन झालं. महिन्याने निरोप आला, झाडं झोपली. बसगोंडा जाऊन आला आणि म्हणाला, "झोपणार न्हाईत तर काय करतील? पाहुणं गेलं की." आम्ही हसलो. त्यांना दुसरी साठ दिली. तीही तशीच होती.

खाण कंपनीचे पर्यावरण अधिकारी सरनाईक आले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. बोलणं मोजकं, बूट लाल धुळीने माखलेले. घुमटीच्या सड्यावर बॉक्साइटची खाण सुरू होती. सड्याच्या एका अंगाला अंजनीची दाट राई होती. माणूस सरपटतही आत जाऊ शकणार नाही इतकी दाट. मध्ये एक अनघड दगड, तो जाखाईचा. आजूबाजूच्या धनगरवाड्यांची ही देवी. राईतली काटकी कोणी मोडत नसे.

खनिज राईखालीही होतं. परवानगीच्या कागदात मात्र एक अट होती, ती सरनाईकांनी वाचून दाखवली. राईतल्याच बियांपासून तयार केलेली अंजनीची दोन हजार रोपं, प्रत्येकी किमान एक फूट उंचीची, तयार असल्याचा रोपवाटिकेचा सही-शिक्क्याचा दाखला मिळाल्याशिवाय राईला हात लावायचा नाही. खणून झाल्यावर खड्डा मातीने भरायचा आणि तिथे ही रोपं लावायची. तीन पावसाळ्यांची मुदत.

"याआधी कोणी केली आहेत का?" मी विचारलं.

"आम्हाला तरी कोणी सापडलं नाही. एका तज्ज्ञांनी पाच-सहा वर्षं लागतील म्हणून सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरीकडे विचारू."

मी हो म्हणालो.

बी गोळा करायला सड्यावर गेलो तेव्हा राईच्या कडेला एक बाई बसली होती. साठीच्या आतबाहेरची, अंगाने काटक, हातात काठी. तिचं नाव ठकूबाई. राईची देखभाल तिच्या घराण्याकडे होती. देखभाल म्हणजे चैत्रात फुलं आली की जाखाईला दहीभात ठेवायचा आणि इतर वेळी कोणाला आत जाऊ द्यायचं नाही.

"पावणं, खिशात काय हाय?" तिने विचारलं.

"किल्ल्या, चाकू."

"हितं ठेवा भाईर. आत लोखंड चालत न्हाय."

बसगोंडाने कमरेची कलम करायची सुरी काढून दगडावर ठेवली. माझी पट्टीही तिथेच राहिली. आम्ही हातांनी फळं वेचली. ठकूबाईने आमच्या दुप्पट वेचली. तिला सरनाईकांनी गावच्या बैठकीत सांगितलं होतं की देवीची झाडं मोठी करून परत इथेच लावणार. रोपं फूटभर झाल्याशिवाय राईला धक्का लागणार नाही, हेही सांगितलं होतं. तिने दोन्ही वाक्यं नीट लक्षात ठेवली होती. पुढे जे घडलं त्याच्यासाठी हे ध्यानात ठेवायला हवं.

पहिल्या वर्षीची चूक बसगोंडाची, आणि माझी, कारण मी पाहत होतो. फळाचा गर चोळून बी काढलं. मग त्याने ते राखेत घोळलं आणि चार दिवस उन्हात सुपात वाळवलं. आमच्याकडे वांग्यापासून दोडक्यापर्यंत सगळं बियाणं असंच ठेवतात. राखेने कीड लागत नाही. पाचव्या दिवशी पेरलं. दोन महिने पाणी घातलं. एकही कोंब आला नाही. बी उकरून फोडलं तेव्हा आतला गर तपकिरी होऊन मेला होता.

ठकूबाई तेव्हा पहिल्यांदा रोपवाटिकेत आली. राधानगरीहून एसटीने कोल्हापूर, तिथून कागलच्या गाडीने आमच्या फाट्यावर. तिने रिकामे वाफे पाहिले आणि बसगोंडाला विचारलं, "काय केलंतासा बियाचं?"

"राख लावून वाळवलं की, अक्का."

"वाळवलं? वल्या बाळाला उन्हात वाळत घातलंसा व्हय?"

"बी वाळवत्यातच, अक्का."

"तुमच्यात वाळवत असतील. हिचं बी पाखराच्या पोटातनं पडतंय, ते वल्लंच पडतंय आन् वल्ल्यातच रुजतंय. सड्यावर राख घिऊन कोण जातंय?"

चाळीस वर्षं कलमं बांधणाऱ्या बसगोंडाने रिकामं सूप उचलून शेडमध्ये नेलं. त्या दिवसापासून तो तिचं ऐकायला लागला. किती ऐकायला लागला ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी फळं वेचली त्याच संध्याकाळी गर काढून बी पेरलं. मातीही सड्यावरची, भेगांतून खरवडलेली. तीन आठवड्यांत कोंब आले. बहुतेक सगळे आले. ते उकरून दुसऱ्या पिशवीत लावताना एक गोष्ट दिसली. वर दोन पानं आणि खाली वीतभर सोटमूळ. अंजनी आधी खाली जाते, पाण्याची सोय लागेपर्यंत वर बघत नाही. सड्यावर जगायचं तर तिला तसंच करावं लागतं.

वर्ष संपलं तेव्हा रोपं चार बोटं होती. पान चकचकीत, खोड कडक, आणि उंची चार बोटं. मुदतीचे दोन पावसाळे गेले होते. सरनाईक आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान आहेत. पण ही फूटभर नाहीत."

त्याच आठवड्यात ठकूबाई दुसऱ्यांदा आली. येताना तिने दह्याचं गाडगं आणलं होतं. रोपांच्या ओळींमधून ती हळूहळू चालली, एकेका रोपाला बोटं लावून बघत. शेवटी माझ्यासमोर येऊन बसली.

"झाक झाल्यात," ती म्हणाली. "हिच्यापरीस वाढवू नगासा."

मी म्हणालो, "कागदात फूट लिहिलंय. फूट झाल्याशिवाय लावता येत नाहीत."

"आन् फूट झाल्याशिवाय राईला हात बी लावता येत न्हाय. व्हय न्हवं?"

"हो."

"मग? घाई कुणाला हाय? आईची पोरं हळू वाढत्यात म्हणून कुणी आईला मारत न्हाय. तुमी पाणी घाला, दुसरं काय घालू नगासा. वाढतील तवा वाढतील. मी काय वाढवूच नगा म्हणत न्हाय. तिच्या चालीनं वाढू द्या."

मला तेव्हा ती काय म्हणते ते कळलं नाही, असं लिहिता आलं असतं. कळलं होतं. तिचा हिशेब माझ्यापेक्षा स्वच्छ होता. रोपं खुजी राहिली तर दाखला नाही, दाखला नाही तर राई उभी. तिने माझ्याकडे खोटं मागितलं नव्हतं, लाचही दिली नव्हती. फक्त झाडाला झाडाच्या गतीने वाढू द्या, एवढंच सांगत होती.

मी तिला म्हणालो, "मावशी, मी नाही केलं तर दुसरा कोणीतरी करील."

"करील की. त्यो करू दे. तुमी कशाला करतासा?"

ती पाणी पिऊन उठली, गाडगं बसगोंडाच्या हातात दिलं आणि फाट्याकडे गेली.

पुढे मी काय केलं ते जसं घडलं तसं लिहितो. चारच दिवसांत पिशव्या खेटून घेतल्या. वर दुहेरी जाळी टाकली. शेणकाला आणि युरिया सुरू केला, आधी पंधरवड्याने, मग आठवड्याला. मी स्वतः दर सोमवारी पोलादी पट्टीने पन्नास रोपं मोजायचो आणि वहीत लिहायचो. मला वाटत होतं ते नाकारण्यात अर्थ नाही. मला अभिमान वाटत होता. तज्ज्ञाने पाच-सहा वर्षं सांगितली होती, आम्ही निम्म्या वेळात करत होतो. अकरा वर्षं दुपारी दोनला पान सोडलेल्या माणसाला मुदत दिसली की बाकीचं दिसत नाही. पानात काय आहे हा प्रश्न दोन वाजल्यानंतरचा असतो. दुसरा कोणीतरी करील हेही खरं होतं, पण कारण ते नव्हतं.

बसगोंडाने एकदाच विषय काढला. "मालक, मूळ बघितलंसा का? पहिलं वीतभर जायचं. आता पिशवीतच गुंडाळी करून बसलंय."

"उंची कुठली मोजायची आहे, बसगोंडा? वरची का खालची?"

"वरची," तो म्हणाला, आणि बादली उचलून गेला.

तिसरा पावसाळा संपायच्या आत रोपं फूटभर झाली. पान मोठं, फिकट, मऊ. खोड वाकवलं तर वाकायचं. अंजनीचं खोड वाकत नाही. सरनाईकांनी ओळीने मोजणी केली. दोन हजारांच्या वर भरली. कमी भरलेली ऐंशीएक रोपं एका बाजूच्या ओळीत होती, पाच-सहा बोटांच्या वर गेलेली नव्हती. ती बाद ठरली. मी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला. दाखल्याचा मजकूर मीच लिहिला होता. चार ओळींचा, एकही शब्द जास्त नसलेला. राईतल्या बियांपासून तयार केलेली, एक फूट किंवा अधिक उंचीची, दोन हजार रोपं तयार आहेत. त्यातलं प्रत्येक विधान खरं होतं.

राई काढली त्या दिवशी मी सड्यावर होतो. रोपं कुठे लावायची ती जागा पाहायला बोलावलं होतं. दोन यंत्रं होती. अंजनीचं लाकूड कठीण म्हणून कापत बसले नाहीत, बकेट खाली घालून कवचासकट उचलली. जांभ्याचा मोठा तुकडा उचलला की त्याच्या खालून मुळं लोंबायची, माणसाच्या उंचीची, काही त्याहून लांब. ती मुळं कातळाच्या कुठल्या भेगेतून कुठे गेली होती ते त्या एका सकाळी पाहायला मिळालं, आणि पुन्हा पाहायला मिळणार नव्हतं. दुपारपर्यंत काम झालं. जाखाईचा दगड कंपनीने आदल्या दिवशी पूजा करून हलवला होता, रस्त्याकडेला फरशी घातलेल्या छोट्या देवळात.

ठकूबाई राईची हद्द जिथून सुरू व्हायची तिथे उभी होती. यंत्र आत शिरलं तेव्हा ती ओरडली नाही, रडलीही नाही. वाडीतले दोघे तिला घरी चल म्हणत होते. ती एवढंच म्हणाली, "लोखंड आत गेलं. आता कुणाला अडवायचं?"

मी तिच्याजवळ गेलो नाही.

पुढच्या वर्षी खड्डा भरून रोपं लावली. सड्यावर आता कवच नव्हतं. खणून काढलेली लाल माती परत टाकून सपाट केली होती. पाहणाऱ्याला जमीन सुधारल्यासारखी वाटली असती. भरपूर माती. पण पावसात तिचा चिखल झाला, आणि कातळावरून जसं पाणी निघून जायचं तसं जाईना. गुंडाळी झालेली मुळं कुजायला लागली. जी वाचली त्यांना उन्हाळा लागला. वाऱ्याने मऊ खोडं आडवी पडली. माती वरून फूटभर खोल भेगाळली, खाली दगडासारखी झाली, आणि मूळ खाली गेलेलंच नव्हतं.

मे महिन्यात मी मोजायला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. ओळीने चालत गेलो, वही घेऊन. जिवंत रोपासमोर फुली मारायची ठरवलं होतं. पहिल्या पानावर एकही फुली पडली नाही. दुसऱ्यावर तीन. त्या तिन्हींचीही पानं कडेने करपली होती. पुढचं पान उघडलं नाही.

सरनाईक कचेरीत होते. मी सांगितलं, "साहेब, रोपं मेली."

"पाहिलंय मी."

"कागदात काय आहे?"

त्यांनी फाईल न उघडता सांगितलं, "तयार करायची आणि लावायची. दोन्ही झालं. जगण्याबद्दल कागदात काही नाही. मी वरच्यांना विचारलं होतं तेव्हा." मग म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं का?"

मी विचारलं नव्हतं. बातमी संपादित करताना जे वाक्य नाही ते शोधायला शिकवतात. ते मी तिथे केलं नाही.

परत आल्यावर बाद ठरलेली ऐंशी रोपं फेकून ती जागा मोकळी करायला बसगोंडाला सांगितलं. तो हलला नाही.

"ती न्हाय टाकायची."

"का?"

"त्यास्नी मी कवाच काला घातला न्हाय. जाळी बी बाजूला सारायचो. ती ओळ अक्काची हाय."

ठकूबाई दुसऱ्यांदा येऊन गेली त्या दिवशी तिने फाट्यावर एसटीची वाट पाहताना त्याच्याकडे एक ओळ मागून घेतली होती. मालक ऐकणार न्हाय, ती म्हणाली होती, पर तू एक ओळ तरी तिच्या चालीनं वाढू दे. बसगोंडाने तेव्हापासून, मी दर सोमवारी मोजणी करत असतानाही, ती ओळ मला न सांगता वेगळी ठेवली. मोजणीच्या पन्नासांत तो मला त्या ओळीतलं रोप कधी घेऊ देत नव्हता. माझ्या वहीत ती नव्हतीच.

त्याच संध्याकाळी आम्ही एक पिशवी फाडून पाहिली. वर सहा बोटं रोप. खाली मूळ पिशवीचा तळ फोडून जमिनीत गेलं होतं, किती खोल ते समजलं नाही. उपटायचा प्रयत्न केला तर निघालं नाही. तसंच पिशवीचं प्लास्टिक कापून काढलं आणि भोवती जांभ्याचे दगड रचले. मग सगळ्यांचंच तसं केलं.

ती रोपं सड्यावर नेता येतील का, हे सरनाईकांना विचारलं. ते म्हणाले, न्या. पण न्यायची कुठे, हे त्यांनाही सांगता आलं नाही, मलाही नाही. अंजनीला कातळ लागतो. आम्ही तो ट्रकने पाठवून दिला होता.

पुढच्या चैत्रात ठकूबाई आली. बसगोंडाने निरोप पाठवला होता. रस्त्याकडेच्या नव्या देवळात का जात नाही असं त्याने विचारलं तर म्हणाली, "तितं देवी न्हाय. फरशी हाय." तिने फडक्यात बांधून दहीभात आणला होता. ओळीजवळ आली आणि उभी राहिली. बसगोंडाला लगेच समजलं. त्याने आजूबाजूची खुरपी, कात्र्या, पाण्याची झारी, पहारीपर्यंत सगळं लोखंड उचलून शेडमध्ये नेलं. माझ्या खिशातली पट्टीही मागून घेतली. मग तिने ओळीच्या पहिल्या रोपासमोर भात ठेवला. मागे पाहुण्यांच्या गाडीपेक्षा उंच अशोकाची पुढची खेप भरणं चाललं होतं. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. तिने तिकडे पाहिलं नाही.

माझ्याशी ती बोलली ती जाताना.

"तुमी घातलंतासा ती समदी मेली?"

"हो, मावशी. सगळी."

"आन् ह्यानं काय घातलं न्हाय, ती हायती." एवढंच म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही ते ठरवता आलं नाही. बहुधा नसावा. ती झाडांबद्दल बोलत होती.

त्यानंतर ती दर चैत्रात यायची. नऊ वर्षं. शेवटची दोन वर्षं नातसून सोबत असायची, कारण एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. सहाव्या वर्षी पहिली फुलं आली. गुडघ्याएवढ्या झाडाला, सालीला चिकटून, जांभळी. बसगोंडा तेव्हा गुडघेदुखीने घरी बसला होता. मी गाडी पाठवून त्याला आणवलं. त्याने फुलं पाहिली आणि म्हणाला, "कलम बांधून असली येत न्हाईत." त्याच्या तोंडून ऐकलेलं कलमाविरुद्धचं हे एकच वाक्य.

गिऱ्हाइकं अधूनमधून त्या ओळीबद्दल विचारतात. किती वर्षांची आहेत हे सांगितलं की हसतात आणि पुढची उंच झाडं बघतात. कारखान्यांची मागणी आजही गाडीच्या उंचीने येते आणि आम्ही ती देतो. रोपवाटिका त्यावरच चालते. अंजनीचं बी दर मृगात पडतं, काही रुजतं, तेही ओळीतच राहतं. दुसऱ्या एका खाणीच्या कामासाठी पुढे विचारणा आली होती. तिथेही कागदात फूट लिहिलेलं होतं. मी नाही म्हणालो. त्यांना दुसरा कोणीतरी मिळाला.

ठकूबाई शेवटची आली तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं. बसगोंडा वारला होता, म्हणून लोखंड मीच उचलून ठेवलं. पट्टीही ठेवली. तिच्यासमोर मी बोटांनीच मोजायचो. ती दगडावर बसली, नातसुनेने भात ठेवला. तिने हात पुढे करून पहिल्या झाडाचा शेंडा चाचपला आणि दरवर्षी विचारायची तेच विचारलं.

"वाढली का?"

"बोटभर," मी सांगितलं.

"बोटभर तरी कशाला? वाढली की मोजायला येत्यात," ती म्हणाली, आणि शेंड्यावरून हात काढून घेतला.